जुन्या यंत्राचे अठरा लाख: यंत्रबदलाच्या एका निर्णयाचा पूर्ण हिशेब

पुठ्ठ्याची खोकी बनवणारी एक कंपनी आहे. पाच वर्षांपूर्वी तिने ६० लाखांना एक यंत्र घेतलं. आयुष्य दहा वर्षांचं धरलं, शेवटी भंगाराची किंमत शून्य, घसारा (वापराने यंत्राच्या किमतीत होणारी घट) सरळ रेषेने, म्हणजे दरसाल ६ लाख. आजवर ३० लाख घसारा झाला आहे आणि वह्यांत ३० लाख किंमत उरली आहे. पण आज हे यंत्र विकायला काढलं तर १२ लाखांच्या वर कोणी देत नाही.

नवं यंत्र ८० लाखांना मिळतंय. आयुष्य पाच वर्षं, पुस्तकी घसारा सरळ रेषेने शून्यापर्यंत, पण पाच वर्षांनी ते १० लाखांना विकलं जाईल असा अंदाज आहे. वाया जाणारा माल, वीज आणि कामगार मिळून दरसाल २४ लाखांची बचत होईल असं विक्रेता सांगतो. यंत्र कागदाच्या रिळांवर चालतं, त्यामुळे साठा वाढवावा लागेल आणि खेळत्या भांडवलात ८ लाख अडकतील. ते जुन्यापेक्षा लांब असल्याने शेजारची शेड लागेल. ती सध्या वर्षाला २ लाखांनी भाड्याने दिलेली आहे. सल्लागाराकडून पाहणी करून घेतली, त्याचे २ लाख देऊन झाले आहेत. कराचा दर २५ टक्के.

प्रकरण काल्पनिक आहे. आकडे असे निवडले आहेत की कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरावा. यात दाखवलेल्या चुका मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आणि संचालकांच्या बैठकांत सारख्याच सापडतात.

लेखापालाने संचालक मंडळापुढे ठेवलेला तक्ता असा होता (सगळे आकडे लाखांत):

बचत: २४
वजा नव्या यंत्राचा घसारा: १६
वजा कर्जावरचं व्याज (३२ लाखांवर १० टक्के): ३.२
वजा मुख्य कार्यालयाच्या खर्चाचा वाटा: ३
उरला करपूर्व नफा: १.८
वजा जुनं यंत्र विकण्यात होणारा तोटा: १८
वजा पाहणी अहवालाची फी: २
पहिल्या वर्षाचा निव्वळ परिणाम: १८.२ लाख तोटा

खाली शेरा होता: पहिलं वर्ष सोडलं तरी ८० लाख गुंतवून वर्षाला १.८ लाख मिळणार असतील, तर तेवढे पैसे बँकेत ठेवलेले बरे. बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, व्याजाचा दर बरोबर आहे, नव्या यंत्राच्या घसाऱ्याची आकडेमोड बरोबर आहे. असा तक्ता नाकारायचा तर नेमकं कुठे बोट ठेवायचं?

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यंत्र घेतलं काय आणि नाही घेतलं काय, ही रक्कम बदलते का? बदलत असेल तरच ती हिशेबात. आणि बदलत असेल तर पैसा कधी हलतो? कॉर्पोरेट फायनान्सच्या प्राथमिक उदाहरणांत सूत्र शेवटी येतं आणि ते सर्वांत सोपं असतं. खरं काम या दोन प्रश्नांचं आहे.

पाहणीची फी पहिल्या प्रश्नातच गळते. यंत्र घेतलं तरी ते २ लाख गेले, नाही घेतलं तरी गेले. हा बुडीत खर्च. मुख्य कार्यालयाचा वाटाही तसाच. कार्यालयाचं भाडं, लेखापरीक्षकाची फी, संचालकांचा प्रवास यातलं काहीही या यंत्रामुळे वाढणार नाही. वाढणार आहे ती फक्त विभागांमध्ये वाटणी. विभागप्रमुखाला ३ लाख आपल्या माथी आले असं वाटेल, पण कंपनीच्या खात्यातून एक पैसाही जास्त जात नाही.

शेडचं उलटं आहे. तिचं कुठलंच बिल येणार नाही, म्हणून तक्त्यात ती नाही. पण यंत्र घेतलं तर २ लाख भाडं थांबतं. हा संधी खर्च, आणि तो पाहणीच्या फीपेक्षा कितीतरी खरा आहे. ज्याची पावती फाटते तेच खर्च दिसायचे, ही हिशेबनिसाच्या डोळ्याला लागलेली सवय इथे नडते.

आता घसारा. १६ लाख धरणं अर्धवट आहे, कारण नवं यंत्र आलं की जुन्याचा ६ लाखांचा घसारा बंद होतो. फरक १० लाखांचा. आणि हा १० लाखांचा फरक म्हणजे रोख नव्हे. पैसा यंत्र घेताना एकदाच गेलेला असतो. घसाऱ्याचं इथे एकच काम: करपात्र नफा कमी करून कर वाचवणं. म्हणून आधी वजा करायचा, कर काढायचा आणि मग परत मिळवायचा. विद्यार्थी या वजा-अधिकला कंटाळतात आणि मधली पायरी गाळून घसारा सरळ सोडून देतात. मग कर जास्त येतो आणि उत्तर चुकतं.

वर्षाची रोख अशी येते. बचत २४, त्यातून गेलेलं भाडं २, राहिले २२. जादा घसारा १० वजा करून १२. त्यावर कर ३, उरले ९. घसारा परत मिळवला की १९. पाचही वर्षं हाच आकडा.

सुरुवातीला जाणारी रक्कम ८० लाख नाही. जुनं यंत्र विकून १२ येतात. वह्यांतल्या ३० आणि मिळालेल्या १२ मधला १८ लाखांचा फरक हा पुस्तकी तोटा. तो करपात्र नफ्यातून वजा होतो असं धरलं तर कर ४.५ लाखांनी कमी होतो. म्हणजे लेखापालाच्या तक्त्यात सर्वांत भीतिदायक दिसणारी ओळ रोखीच्या हिशेबात जमेच्या बाजूला येते! ते १८ लाख गेले, पण आज नाही. पाच वर्षांपूर्वी यंत्र घेतलं तेव्हाच पैसा गेला, आणि यंत्राची खरी किंमत उतरण्याच्या वेगाशी घसाऱ्याचा वेग जुळला नाही. आजची विक्री त्या जुन्या अंदाजातली चूक फक्त उघडी पाडते. साठ्यातले ८ लाख मात्र खरोखर बाहेर जातात. तेव्हा ८० वजा १२ वजा ४.५ अधिक ८, असे एकूण ७१.५ लाख आज घालायचे.

इथे एक सावधगिरी. कायदा पुस्तकी घसारा जसाच्या तसा मान्य करेल असं नाही. काही करपद्धतींत एकेका यंत्रावर नव्हे तर मालमत्तेच्या गटावर घसारा मिळतो. तिथे एक यंत्र विकल्याचा तोटा त्या वर्षी एकरकमी वजा न होता पुढच्या वर्षांत पसरतो. उदाहरणात सोपं गृहीतक घेतलं आहे, पण प्रत्यक्षात ही ओळ करसल्लागाराकडून भरून घ्यावी. नियम तेच ठेवून कर-बचत आज न धरता वर्षअखेर धरली, तरी उत्तर जवळपास अर्ध्या लाखाने खाली येतं. हा अर्धा लाख पुढे कामाला येणार आहे.

शेवटच्या वर्षी यंत्र १० लाखांना विकलं जाईल. वह्यांत किंमत शून्य, म्हणून पूर्ण १० लाख नफा, त्यावर २.५ कर, हातात ७.५. साठा मोकळा होऊन ८ परत. एकूण १५.५. खेळतं भांडवल परत येतंच, मग धरायचं कशाला, असा प्रश्न हमखास येतो. पाच वर्षांनी येणाऱ्या ८ लाखांची किंमत आज १२ टक्के दराने ४.५४ लाख आहे. राहिलेले ३.४६ लाख ही साठा अडकवून ठेवण्याची किंमत, आणि नफा-तोटा पत्रकात ती कुठेच दिसत नाही.

१२ टक्के कुठून आले? कंपनीच्या भांडवलात बाजारमूल्याने ६० टक्के भाग भागधारकांचा आणि ४० टक्के कर्जाचा. भागधारकांना १५ टक्के परतावा अपेक्षित आहे. कर्ज १० टक्क्यांचं, पण व्याजावर कर वाचतो, म्हणून करोत्तर ७.५. भारित सरासरी ९ अधिक ३, म्हणजे १२.

या दराने पाच वर्षं दरसाल येणाऱ्या १ रुपयाची आजची किंमत, म्हणजे गुणक, ३.६०४८ आणि फक्त पाचव्या वर्षी येणाऱ्या १ रुपयाची ०.५६७४. त्यामुळे १९ लाखांच्या पाच रकमांची आजची किंमत ६८.४९, शेवटच्या १५.५ची जवळपास ८.८०, बेरीज ७७.२९. त्यातून आज घालायचे ७१.५ गेले की जे उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य: ५.७९ लाख. यंत्र घ्यावं.

व्याजाचे ३.२ लाख कुठे गेले, असं लेखापाल विचारणारच. ते १२ टक्क्यांच्या आत बसलेत. रोखीतून व्याज वजा करायचं आणि वर ज्या दरात व्याज आधीच मोजलंय त्याच दराने भागायचं, हे एकाच कर्जाचं व्याज दोनदा भरणं झालं. ही चूक किती महाग पडते ते पाहा. करोत्तर व्याज २.४ लाख, गुणिले ३.६०४८, म्हणजे ८.६५. तेवढे वजा केले की ५.७९चं उत्तर उणे २.८६ होतं आणि चांगला प्रस्ताव कचऱ्याच्या टोपलीत जातो. गुंतवणूक चांगली आहे का आणि पैसा कुठून आणायचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची शिस्त फ्रँको मोदिल्यानी आणि मर्टन मिलर या अर्थशास्त्रज्ञांच्या १९५८ च्या मांडणीमुळे पक्की झाली. कर नसलेल्या आदर्श बाजारात कर्ज आणि भाग यांच्या प्रमाणावरून कंपनीचं मूल्य बदलत नाही, असं त्यांनी दाखवलं. कर धरला की काय होतं, ती दुरुस्ती त्यांनीच १९६३ मध्ये केली. व्याजावरची करसवलत दरात धरण्याची आजची पद्धत त्याच विचाराला धरून आहे.

दर निवडण्यात आणखी एक फसगत आहे आणि आकड्यांनी ती इथे नेमकी पकडता येते. अंतर्गत परताव्याचा दर, म्हणजे आयआरआर (ज्या दराला निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होतं तो), काढला तर १४.९ टक्क्यांच्या किंचित वर येतो. आता बैठकीत तिघे बसलेत असं समजा. एकाच्या मते पैसे कर्जाने आणतोय, म्हणून १० टक्के लावावेत. त्याला वर्तमान मूल्य १० लाखांच्या वर दिसतं. दुसऱ्याच्या मते धोका भागधारकांचा, म्हणून १५ लावावेत; त्याला उणे ०.१० दिसतं आणि तो नकार देतो. तिसरा १२ लावतो. पहिला चुकतो, कारण आज सगळं कर्ज या यंत्रावर वापरलं तर उद्याच्या यंत्रासाठी भागधारकांचाच पैसा लागेल. कर्ज घेण्याची ताकद फुकट येत नाही. दुसऱ्याची चूक अशी की तो संपूर्ण रकमेवर भागधारकांचा दर लावतो, जणू कर्ज नाहीच. तरीही त्याच्या बोलण्यात एक तथ्य आहे. १२ टक्के हा कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा दर आहे. हेच यंत्र एखाद्या नव्या, बेभरवशाच्या मालासाठी असतं, तर १२ पुरले नसते.

आता संचालकांच्या खऱ्या काळजीकडे. त्यांना वर्तमान मूल्य समजलं, पण वर्षअखेर भागधारकांना ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक दाखवायचंय. तिथे तो तोटा दिसणारच, आणि ते खरं आहे. किर्दीत नोंद अशी होईल: बँक खाते नावे १२, संचित घसारा नावे ३०, मालमत्ता विक्रीवरील तोटा नावे १८, जमा यंत्र खाते ६०. दोन्ही बाजू जुळल्या. रोखप्रवाह पत्रकात, अप्रत्यक्ष पद्धत (नफ्यापासून सुरुवात करून रोखीपर्यंत जाणारी) असेल तर, हे १८ लाख नफ्यात परत मिळवले जातात आणि आलेले १२ लाख गुंतवणुकीच्या भागात दिसतात. आयएएस ७ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाप्रमाणे यंत्राच्या विक्रीचे पैसे तिथेच जातात.

यंत्र घेतल्यामुळे पहिल्या वर्षीच्या पुस्तकी नफ्यात किती फरक पडेल? बचत २४, भाडं उणे २, जादा घसारा उणे १०, व्याज उणे ३.२, तोटा उणे १८. एकूण उणे ९.२, करोत्तर उणे ६.९. करपूर्व उणे ९.२ हा आकडाही लेखापालाच्या उणे १८.२ पासून बराच दूर आहे, म्हणजे त्याचा तक्ता पुस्तकी नफ्याचा अंदाज म्हणूनही चुकलेलाच होता. दुसऱ्या वर्षापासून चित्र बदलतं: २४ वजा २ वजा १० वजा ३.२, म्हणजे ८.८, करोत्तर ६.६ लाख दरसाल जास्त नफा. पाचव्या वर्षी विक्रीवरचे ७.५ वेगळे.

या आकड्यांची बेरीज करून पाहावी, कारण या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी जागा तीच आहे. पुस्तकी नफा: उणे ६.९, मग चार वेळा ६.६ म्हणजे २६.४, अधिक ७.५. एकूण २७ लाख. आता रोख, कुठलाही दर न लावता: १९ गुणिले ५ म्हणजे ९५, अधिक १५.५, वजा ७१.५, म्हणजे ३९. त्यातून पाच वर्षांचं करोत्तर व्याज १२ वजा केलं (कर्ज पाचही वर्षं तेवढंच ठेवून). राहिले २७. काटेकोर जुळलं! नफा खोटा आणि रोख खरी, असं उथळपणे म्हटलं जातं, त्याला काही अर्थ नाही. पूर्ण आयुष्यावर दोघांची बेरीज एकच असते. तारखा वेगळ्या असतात. आणि तारखांनाच तर १२ टक्क्यांची किंमत आहे. उदाहरण सोडवून झालं की हा ताळा घ्यावा. तो जुळला नाही तर कुठेतरी घसारा दोनदा गेलाय किंवा खेळतं भांडवल परत आणायचं राहिलंय.

पहिल्या वर्षीचे उणे ६.९ ऐकून कार्यकारी संचालकांनी एक तोडगा सुचवला. जुन्या यंत्राचा तोटा नव्याच्या किमतीत टाकू, ८० ऐवजी ९८ दाखवू. नव्यासाठीच तर जुनं विकतोय. लेखापालाने इथे ठाम नकार दिला आणि तो बरोबर होता. आयएएस १६ नुसार यंत्राच्या किमतीत खरेदी किंमत, वाहतूक, उभारणी, चाचणी असे ते यंत्र जागेवर आणून चालू स्थितीत ठेवण्याचे खर्च येतात. कामगारांना शिकवण्याचा खर्चसुद्धा त्यात चालत नाही, मग दुसऱ्याच यंत्राचा तोटा कुठून चालेल? तो त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात जायला हवा. तोडगा मानला असता तर घसारा दरसाल ३.६ लाखांनी वाढला असता, पाच वर्षांत तेच १८ लाख पत्रकातून गेले असते आणि रोखीत काहीच बदललं नसतं. फक्त पहिल्या वर्षीच्या वाचकाची फसवणूक झाली असती. चालू खर्चाला मालमत्तेचा वेष चढवण्याचा मोह मोठ्यांनाही सुटलेला नाही. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने इतरांच्या वाहिन्या वापरण्याचा नेहमीचा खर्च भांडवली म्हणून दाखवल्याचं २००२ मध्ये उघड झालं, तेव्हा पहिल्या फेरीतच जाहीर झालेली रक्कम ३.८ अब्ज डॉलर होती.

इथवर आलं की बहुतेक जण पेन खाली ठेवतात: उत्तर ५.७९, यंत्र घ्या. पण लेखापालाच्या प्रत्येक ओळीला विचारलेला प्रश्न आपण एका ओळीला विचारलाच नाही. ती ओळ म्हणजे विक्रेत्याने दिलेले २४.

आधी किती ताण सोसतं ते पाहू. बचत १ लाखाने घटली की करोत्तर ०.७५ जातात, पाच वर्षांत वर्तमान मूल्य २.७० लाखांनी उतरतं. म्हणजे ५.७९ संपायला बचतीत २.१४ लाखांची घट पुरते. २४ ऐवजी २१.८६ झाले की यंत्र घेणं आणि न घेणं सारखंच. जेमतेम नऊ टक्क्यांचा अवकाश. कर-बचत वर्षअखेर मिळणार असेल तर ही सीमा २२.०४ वर जाते.

मग २४ फोडून पाहिले. वाया जाणारा माल १३, वीज ५, कामगार ६. पहिले दोन तपासता येतात. चाचणीसाठी कंपनीचाच पुठ्ठा विक्रेत्याकडे पाठवावा, त्याने दाखवलेल्या उत्तम पुठ्ठ्यावर समाधान मानू नये. वीज मीटरवर दिसते. अडचण तिसऱ्याची आहे. जुन्या यंत्रावरचे तीन कामगार मोकळे होतात, प्रत्येकी २ लाख, म्हणून ६. पण कंपनी कोणाला काढणार नाही, तिघांनाही दुसऱ्या विभागात पाठवणार आहे. मग पगाराच्या पत्रकात काय बदललं? काहीच नाही. यंत्र घेतलं तरी तिघांचा पगार जातो, नाही घेतलं तरी जातो. विभागाच्या हिशेबात ६ लाखांची बचत दिसेल, कंपनीच्या रोखीत शून्य. मुख्य कार्यालयाच्या वाट्याचे ३ लाख ज्या कारणाने आपण खोडले, त्याच कारणाने हेही खोडावे लागतात. बचत १८ वर येते आणि वर्तमान मूल्य उणे १०.४४.

अर्थात दुसऱ्या विभागात माणसं लागणारच असतील आणि ती बाहेरून घ्यावी लागली असती, तर तेवढी बचत खरी. सुरुवातीपासून तीन जागा भरायच्या असतील तर ५.७९ जशास तसे. दोन असतील तर बचत २२ आणि वर्तमान मूल्य ०.३८. एकच असेल तर उणे ५.०३. दोन जागांच्या बाबतीत कर-बचतीचा तो अर्धा लाख आठवावा: ती वर्षअखेर मिळणार असेल तर ०.३८ चं उणे ०.१० होतं.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी लेखापालाकडून नवा तक्ता मागवण्यापेक्षा मनुष्यबळ विभागाकडून भरतीची मंजूर यादी मागवली, आणि विक्रेत्याकडून माल व वीज मिळून १८ लाखांच्या बचतीची लेखी हमी. यादीत तीन जागा निघाल्या तर खरेदीचा आदेश द्यायचा. दोन निघाल्या तर किंमत कमी करण्यासाठी घासाघीस. एक किंवा शून्य निघालं तर जुनं यंत्र आणखी चालवायचं, वह्यांत त्याची किंमत ३० लाख दिसते म्हणून नव्हे.